कोपर ते मनगट : प्रकोष्ठाचा पाठ

'हातभर दोरी', 'चार हात लांब राहा', 'दोन हात जागा' असे शब्दप्रयोग मुलांच्या कानांवर नेहमी पडत असतात. यांतील 'हात' म्हणजे कोपराच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी होय. फूटपट्टी व मीटर प्रचारात येण्यापूर्वी भिंत, विहीर, कापड, दोरखंड यांची मोजणी याच मापाने होत असे. ज्या अवयवाने इतकी मोजमापे केली, त्याच्या आत काय आहे, हे मात्र बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक नसते. 'बोटे कोण हलविते?' असा प्रश्न वर्गात विचारला, तर 'बोटांतील स्नायू' असेच उत्तर येते. ते उत्तर बरोबर नाही. बोटे मिटण्याचे व उघडण्याचे जोरकस काम करणारे स्नायू बोटांत नाहीत. ते कोपर व मनगट यांच्या दरम्यान आहेत. प्रस्तुत पाठाचा गाभा हाच आहे.

शरीराच्या या भागास संस्कृतात प्रकोष्ठ असे नाव आहे. कालिदासाच्या 'मेघदूत' काव्यातील विरही यक्षाच्या हातातील सोन्याचे कडे ज्यावरून गळून पडले, तो हाच प्रकोष्ठ. खांद्यापासून कोपरापर्यंतचा तो दंड आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा तो प्रकोष्ठ. लहान वर्गांत 'कोपराखालचा हात' असे म्हटले तरी चालेल. नावापेक्षा वस्तू महत्त्वाची.

या पाठास तक्त्याची आवश्यकता नाही. किंबहुना तक्ता पाठाच्या शेवटी दाखविणे बरे. तक्त्यावरील सांगाड्याचे तळहात नेहमी समोर वळविलेले असतात व त्यामुळे हाताची दोन हाडे कायम समांतर असतात, असा गैरसमज मुलांच्या मनात घर करून बसतो. प्रत्येक मुलाने स्वतःचा हात बाकावर ठेवावा व दुसऱ्या हाताने तो चाचपून पाहावा, ही पाठाची खरी सुरुवात होय. आरंभी एक गंमतही करून घेता येईल. कोपराच्या आतल्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंतचे अंतर दोरीने मोजावे व तीच दोरी स्वतःच्या पावलाशेजारी धरावी. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही लांब्या जवळजवळ सारख्या निघतात आणि वर्ग एकदम जागा होतो.

आता हाडे. कोपर टेबलावर टेकविला असता जे टणक टोक लागते, ते करंगळीच्या बाजूच्या हाडाचे वरचे टोक आहे. या हाडास इंग्रजीत अल्ना म्हणतात. या टोकापासून मनगटाकडे बोट फिरवीत आणल्यास हाडाची धार सबंध लांबीभर कातडीखाली लागत जाते. मध्ये कोठेही स्नायूचा थर आड येत नाही. अंगावर येणारा वार चुकविण्यासाठी मनुष्य हात आडवा धरतो, तेव्हा घाव याच हाडावर बसतो. अंगठ्याच्या बाजूचे दुसरे हाड म्हणजे रेडियस. त्याचा वरचा भाग स्नायूंत दडलेला असतो, खालचा मनगटाजवळचा भाग मात्र स्पष्ट लागतो. प्रौढ माणसात अल्ना सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते व रेडियस तिच्याहून थोडे आखूड असते.

या दोन हाडांची ठेवण परस्परांच्या उलट आहे, ही गोष्ट मुलांच्या आवर्जून नजरेस आणावी. अल्ना कोपराजवळ जाड व मनगटाजवळ निमुळती. रेडियस कोपराजवळ बारीक व मनगटाजवळ रुंद. कोपराची बिजागरी मुख्यतः अल्नाच्या ताब्यात आहे, तर मनगटाचा भार मुख्यतः रेडियसवर आहे. तळहात टेकून पडणाऱ्या मुलाच्या हातातून वर चढणारा दणका प्रथम रेडियसला बसतो, तो यामुळेच. दोन्ही हाडांच्या मध्ये लांबीभर एक चिवट पडदा ताणलेला असतो. तो हाडांना एकमेकांपासून दूर जाऊ देत नाही व स्नायूंना चिकटण्यास जागाही देतो.

यानंतर हात उताणा व पालथा करण्याची क्रिया घ्यावी. मराठीत या दोन स्थितींना इतके नेमके शब्द आहेत की, पारिभाषिक शब्दांची गरज भासू नये. विद्यार्थ्यांनी कोपर काटकोनात वाकवून बरगडीशी घट्ट धरावा. कोपर सुटा ठेवला तर खांदाही फिरतो व प्रयोग फसतो. तळहात आकाशाकडे करावा, मग जमिनीकडे करावा. या वेळी दुसऱ्या हाताचे बोट अल्नाच्या धारेवर ठेवल्यास ती जवळजवळ जागची हलत नाही, असे आढळेल. मग फिरते काय? कोपराच्या बाहेरच्या अंगास, हात सरळ केल्यावर जी लहानशी खळी पडते, तिच्यात बोट दाबून हात पुन्हा फिरवावा. बोटाखाली एक वाटोळी गुंडी फिरताना लागेल. ते रेडियसचे डोके होय. ते वाटोळ्या चकतीसारखे असून एका चिवट कड्यात बसविलेले असते व त्या कड्यात ते चाकाच्या आसासारखे फिरते. त्याचे खालचे टोक मात्र पंजाला बरोबर घेऊन अल्नाभोवती वळसा घेते. हात उताणा असता दोन्ही हाडे समांतर असतात. पालथा केला की रेडियस अल्नावर तिरपे येऊन फुलीसारखी आकृती होते.

ही गोष्ट बोलून समजत नाही, करून समजते. बांबूच्या दोन कामट्या घ्याव्यात. दोन्हींची वरची टोके सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने सैलसर बांधावीत. खालची टोके पुठ्ठ्याच्या पंजास अशा रीतीने जोडावीत की, अंगठ्याकडची कामटी पंजाला पक्की राहील व करंगळीकडची केवळ दोऱ्याने अडकलेली राहील. करंगळीकडची कामटी एका हाताने स्थिर धरून पंजा फिरविला की, दुसरी कामटी तिच्यावरून आडवी जाते. एकंदर फिरणे १५० ते १८० अंशांचे, म्हणजे जवळजवळ अर्ध्या वर्तुळाचे होते.

अर्धे वर्तुळ ऐकण्यास थोडे वाटते. परंतु भाकरी थापणे व ती तव्यावर उलटणे, तांब्या कलंडून पाणी ओतणे, कुलपात किल्ली फिरविणे, पसा पसरून प्रसाद घेणे यांपैकी एकही काम त्यावाचून नीट होत नाही. ज्याचा हात अस्थिभंगानंतर पालथाच राहून जातो, त्यास दुकानदाराकडून सुटे पैसे घेतानाही सबंध खांदा वाकवावा लागतो.

खेड्यातील मुलांस येथे बैलाचे उदाहरण द्यावे. बैलाच्या पुढच्या पायातही हीच दोन हाडे आहेत; परंतु ती एकमेकांस जुळून एकजीव झालेली असतात. म्हणून बैलास खूर उताणा करता येत नाही. त्यास ओझे पेलण्यासाठी खांब हवा होता, फिरणारा हात नको होता. त्याच्या पुढच्या पायाचा जो सांधा लोक 'गुडघा' म्हणून दाखवितात, तो वास्तविक मनगटाचा सांधा आहे, हे सांगितल्यावर मुले घरी जाऊन बैल पुन्हा पाहतात. याउलट माकडाचा हात मनुष्याच्या हाताप्रमाणेच फिरतो. फांदी धरणाऱ्यास ते आवश्यकच आहे.

हात फिरविणाऱ्या स्नायूंपैकी सर्वांत बलवान स्नायू प्रकोष्ठात नसून दंडात आहे, ही एक चमत्कारिक गोष्ट होय. पैलवान दंडावरची जी 'बेटकुळी' काढून दाखवितो, त्या स्नायूचे खालचे टोक रेडियसला गुंडाळून चिकटलेले असते. कोपर वाकलेला असताना तो हात उताणा करतो. उजव्या हाताने स्क्रू आवळताना डावा हात उजव्या दंडावर ठेवून पाहिल्यास बेटकुळी घट्ट होताना कळते. स्क्रू घट्ट करण्याची दिशा उजव्या हातास जोराची व सैल करण्याची दिशा कमी जोराची ठरते, ती या एका स्नायूमुळे.

आता पाठाच्या गाभ्याकडे वळावे. प्रकोष्ठात एकंदर वीस स्नायू मोजतात : पुढच्या, म्हणजे तळहाताकडच्या बाजूस आठ आणि मागच्या बाजूस बारा. विद्यार्थ्यांना त्यांची नावे देण्याचे काहीच प्रयोजन नाही. त्यांनी उजव्या हाताची मूठ वळावी व सोडावी आणि डाव्या हाताने कोपराखालचा मांसल भाग धरून ठेवावा. मूठ वळताच तेथील मांस टणक होते. एकेक बोट वेगवेगळे हलविले, तर हालचाल वेगवेगळ्या ठिकाणी जाणवते. मग मनगटाजवळ पाहावे. तेथे मांस जवळजवळ नाही, केवळ दोऱ्या आहेत. स्नायूचे टोक निमुळते होऊन जी चिवट, पांढरी दोरी बनते, तिला कंडरा म्हणतात. या कंडरा मनगट ओलांडून बोटांच्या हाडांपर्यंत जातात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजात कळसूत्री बाहुल्यांचा खेळ परंपरेने चालत आला आहे. बाहुली नाचते पुढे आणि सूत्रधाराची बोटे चालतात वर. तोच प्रकार येथे आहे. बोटे ही बाहुली, कंडरा हे सूत्र आणि सूत्रधार प्रकोष्ठात. हे स्नायू पंजातच असते, तर पंजा इतका जाड झाला असता की, सुई धरणे दूरच, पेनही धरता आले नसते. पंजात लहान स्नायू आहेत, नाहीत असे नाही. ते बोटे पसरणे, जवळ आणणे, अंगठा फिरविणे अशी नाजूक कामे करतात. जोराची पकड मात्र वरून येते.

याचेही प्रतिरूप करता येते. पुठ्ठ्याचा पंजा कापून प्रत्येक बोटावर बोरूचे किंवा पपईच्या पोकळ देठाचे लहान लहान तुकडे डिंकाने चिकटवावेत, त्यांतून दोरा ओवून तो बोटाच्या टोकास बांधावा व खाली मनगटापाशी सर्व दोरे एका रुंद नळीतून बाहेर काढावेत. दोरा ओढला की बोट मिटते. ही रुंद नळी म्हणजे मनगटातील बोगदा होय. त्याची तीन बाजूंची भिंत मनगटाच्या हाडांची व छत एका जाड पट्ट्याचे असते. या अरुंद वाटेने बोटे मिटणाऱ्या आठ कंडरा, अंगठ्याची एक, अशा नऊ कंडरा व एक मुख्य मज्जातंतू जातात. पट्टा नसता तर मनगट वाकविताच सर्व दोऱ्या धनुष्याच्या दोरीप्रमाणे उचलल्या गेल्या असत्या.

पुढील तीन प्रयोगांस पाच-दहा मिनिटे पुरतात. वर्गात ते अवश्य व्हावेत.

पहिला प्रयोग खडूचा. एका मुलाने खडूचा तुकडा मुठीत घट्ट धरावा. दुसऱ्याने त्याचे मनगट हळूहळू तळहाताच्या बाजूस पूर्ण वाकवावे. पकड आपोआप ढिली पडते व खडू सहज निसटतो. मनगट वाकल्यावर बोटे मिटणाऱ्या कंडरा सैल पडतात आणि मागच्या बाजूच्या कंडरा ताणून बोटांना उघडू पाहतात. म्हणूनच कुऱ्हाड, विळा किंवा बादलीची कडी घट्ट धरताना मनुष्य नकळत मनगट किंचित मागे झुकवितो. मूठ आवळताना प्रकोष्ठाची मागची बाजूही टणक होते, याचे कारणही हेच.

दुसरा प्रयोग अनामिकेचा. पंजा बाकावर पालथा ठेवून मधले बोट आत दुमडावे आणि बाकीची बोटे एकेक करून उचलावीत. अंगठा, तर्जनी, करंगळी उचलतात. अनामिका उचलत नाही. चार बोटांना उघडणारा स्नायू एकच असून त्याच्या कंडरा पंजाच्या पाठीवर आडव्या धाग्यांनी परस्परांस जोडलेल्या असतात. तर्जनी व करंगळी यांना स्वतःचा एकेक जादा स्नायू आहे. अनामिकेस तो नाही. तबला किंवा पेटी शिकणाऱ्यास याच बोटाचा सर्वांत अधिक सराव का करावा लागतो, ते यावरून कळते.

तिसरा प्रयोग करताना थोडी सावधगिरी बाळगावी. अंगठा व करंगळी यांची टोके जुळवून मनगट किंचित वाकविले असता मनगटाच्या मधोमध एक बारीक दोरी वर उठते. मात्र ती सर्वांस नसते. काही मुलांच्या एका हातात असते, काहींच्या दोन्ही हातांत नसते. 'माझ्या हातात नाही' म्हणून एखादे मूल हिरमुसले होईल. हे व्यंग नव्हे, हे त्यास त्याच क्षणी सांगावे. तिच्यावाचून हाताचे काहीही अडत नाही. इतके की, दुसरीकडची कंडरा तुटल्यास शल्यवैद्य हीच काढून तेथे जोडतात.

वरच्या इयत्तांतील मुलांस एक चित्र लाभले तर दाखवावे. आंद्रेआस व्हेसेलियस या वैद्याने १५४३ साली शरीररचनेवर जो प्रसिद्ध ग्रंथ छापला, त्यात त्याचे स्वतःचे चित्र आहे. शरीरातील सर्व अवयवांतून त्याने चित्रासाठी निवडला तो हातच. प्रकोष्ठ उकलून बोटांकडे जाणाऱ्या कंडरा तो वाचकास दाखवीत उभा आहे.

रक्तवाहिन्यांविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. दंडातून येणारी मुख्य धमनी कोपराच्या किंचित खाली दुभंगते. एक शाखा रेडियसच्या बाजूने व दुसरी अल्नाच्या बाजूने जाते आणि तळहातात दोघी पुन्हा कमानीसारख्या जुळतात. वैद्य नाडी पाहतात ती रेडियसच्या बाजूची. तेथे धमनी हाडावर व कातडीखाली असल्याने ठोका स्पष्ट लागतो. मुलांनी अंगठ्याने नव्हे, तर मधल्या दोन बोटांनी नाडी मोजावी. अंगठ्याचा स्वतःचा ठोका मध्ये येतो. बसून मोजलेली व मैदानास एक फेरी मारल्यावर मोजलेली अशी दोन आकड्यांची नोंद फळ्यावर करावी.

मज्जातंतू तीन आहेत. त्यांपैकी अल्नाच्या बाजूचा मज्जातंतू कोपरामागे, आतल्या बाजूच्या खोबणीत, हाडाला लागून जातो. कोपर दाराच्या चौकटीवर आपटला की करंगळीपर्यंत ज्या झिणझिण्या जातात, त्या हा मज्जातंतू दबल्यामुळे. कुष्ठरोगात हाच मज्जातंतू वारंवार सापडतो. कोपरामागे तो जाड होतो, करंगळी व अनामिका बधिर होऊ लागतात व पुढे वाकड्या होतात. दोष कोपरापाशी आणि व्यंग बोटांत, हा याच रचनेचा परिणाम. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली दाखल झालेले डॉ. पॉल ब्रँड यांनी अशा हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. शाबूत राहिलेल्या स्नायूची कंडरा सोडवून ती लुळ्या बोटांस जोडावयाची व त्या स्नायूस नवे काम शिकवावयाचे, अशी ती पद्धत होती. मात्र हा रोग औषधाने पूर्ण बरा होतो व ते औषध शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळते. एखाद्या मुलाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला किंवा त्याच्या करंगळीतून पेन्सिल वारंवार गळू लागली, तर त्यास वर्गात न बोलता पालकांसह केंद्रात पाठवावे. तेथे गेलेले आठवडे व न गेलेले आठवडे यांत हाताचे पुढील आयुष्य ठरते.

येथपर्यंतचा भाग विद्यार्थ्यांसाठी झाला. यापुढील भाग शिक्षकाने स्वतः ध्यानी ठेवावयाचा आहे. मुलांच्या अस्थिभंगांत प्रकोष्ठाचे अस्थिभंग सर्वांत अधिक आढळतात. कोवळे हाड वाळक्या काठीप्रमाणे कडकन मोडत नाही. कडुनिंबाची ओली फांदी वाकविली असता ती एका बाजूस फुटते व दुसऱ्या बाजूस नुसती वाकते, तसे पुष्कळदा होते. म्हणून 'बोटे हलतात, तेव्हा हाड मोडले नाही' हा समज चुकीचा आहे. बोटे हलविणारे स्नायू शाबूत असतील, तर हाड मोडूनही बोटे हलतात.

हाड मोडणे ही मोठी आपत्ती नव्हे. मुलांची हाडे लवकर जुळतात. खरी आपत्ती त्यानंतरच्या काही तासांत ओढवू शकते व ती बहुधा मनुष्यनिर्मित असते. प्रकोष्ठातील स्नायू चिवट आवरणाच्या कप्प्यांत कोंबून बसविलेले असतात. अस्थिभंगानंतर आत रक्त साचते, सूज येते. परंतु आवरण ताणत नाही. कप्प्यातील दाब वाढत जातो व बारीक रक्तवाहिन्या मिटतात. अशा वेळी बाहेरून कामट्या लावून करकचून पट्टी बांधली, तर आतला दाब व बाहेरचा दाब यांच्या कात्रीत स्नायू उपाशी पडतात. सुमारे चार तासांनंतर त्यांस इजा होऊ लागते. सहा ते आठ तासांनंतर ते मृत होतात आणि पुन्हा जिवंत होत नाहीत. मेलेला स्नायू आक्रसून दोरखंडासारखा होतो व बोटांना आत ओढून धरतो. आंब्याच्या झाडावरून पडलेले, एरवी धडधाकट असलेले मूल महिन्या-दोन महिन्यांनी पट्टी सोडल्यावर पक्ष्याच्या नखीसारखा पंजा घेऊन शाळेत येते. मनगट वाकविले तर त्याची बोटे थोडी उघडतात, सरळ केले की मिटतात. खडूच्या प्रयोगात जे क्षणभर दिसले, ते त्याच्या हाती जन्मभरासाठी येते. कोपराच्या जरा वर, दंडाचे हाड मोडले असतानाही हेच घडू शकते. कारण प्रकोष्ठास रक्त पोहोचविणारी मुख्य धमनी त्या हाडाला लागूनच जाते.

जर्मन शल्यवैद्य रिशार्ड फोन फोल्कमान याने १८८१ साली या विकृतीचे वर्णन केले व घट्ट पट्टीकडे बोट दाखविले. तथापि ही सूचना पाश्चात्त्यांकडूनच यावयाची होती, असे नव्हे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्न अस्थीसाठी उंबर, पिंपळ, पळस, बांबू इत्यादींच्या साली व कामट्या सांगितल्या आहेत. आणि तेथेच असेही सांगितले आहे की, बंध फार सैल असेल तर सांधा स्थिर होत नाही आणि फार घट्ट असेल तर सूज, वेदना व पाक उत्पन्न होतो. बंध ऋतुमानाप्रमाणे तीन, पाच किंवा सात दिवसांनी बदलावा, असा तेथील दंडक आहे. जो गावठी हाडवैद्य कामट्या आवळून 'एकवीस दिवस सोडू नका' असे बजावतो, तो सुश्रुताच्या परंपरेनेही चालत नाही. हे पालकांना शांतपणे सांगता येते. त्याच्या व्यवसायाची निंदा करण्याची गरज पडत नाही व निंदेने काही साधतही नाही.

शाळेत मूल हातावर पडले, तर प्रथम त्या हातातील बांगड्या, कडे, अंगठी, मनगटाचा गंडा किंवा दोरा काढून टाकावा. न निघाल्यास कापावा. सूज आल्यावर यांतील प्रत्येक वस्तू पट्टीइतकीच घातक ठरते, आणि 'देवाचा दोरा आहे' या संकोचाने वेळ दवडू नये. दोरा नंतर पुन्हा बांधता येतो. हात चोळू नये, ओढून सरळ करू नये, मालीश करू देऊ नये. ज्या स्थितीत मुलाने तो धरला असेल, त्याच स्थितीत घडी घातलेली वर्तमानपत्रे किंवा जाड पुठ्ठा खाली देऊन उपरण्याची किंवा ओढणीची झोळी गळ्यात अडकवावी. बांधणी इतकीच असावी की, हात डुलू नये. तिच्याखालून बोट सहज जावे. नखे उघडी ठेवावीत. जखमेतून हाड दिसत असेल, तर त्यावर स्वच्छ कापड ठेवून आत काहीही घालू नये, हळदही नको. भूल देण्याची वेळ येऊ शकते, म्हणून मुलास खावयास-प्यावयास देऊ नये. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

वाटेत व नंतरही पाहावयाच्या खुणा थोड्या आहेत. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाणे, ही पहिली. कोणी हलक्या हाताने बोट सरळ करताच मुलाने किंचाळणे, ही दुसरी व सर्वांत विश्वसनीय. बोटांना मुंग्या येणे, बोटे फिकट किंवा निळसर दिसणे, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परत न येणे, या पुढच्या. नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नये. कप्प्यातील दाब मोठ्या धमनीस थांबविण्याच्या बराच आधी स्नायूंस मारतो. रुग्णालयात घातलेल्या प्लॅस्टरलाही हेच लागू आहे. 'नवे प्लॅस्टर दुखतेच' असे म्हणून घरची माणसे रात्र काढतात; ती रात्रच मोलाची असते. अशा खुणा दिसताच त्याच रात्री रुग्णालयात परत जावे. वेळेवर पट्टी कापली किंवा शल्यवैद्याने आवरणास चीर देऊन दाब मोकळा केला, तर हात वाचतो.

अंगणवाडीतील मुलांच्या बाबतीत आणखी एक लहानशी गोष्ट आहे. चार-पाच वर्षांखालील मुलाच्या रेडियसचे डोके ज्या कड्यात फिरते, ते कडे अजून सैल असते. मूल हट्टाने बसले असता त्यास एका हाताने झटक्यात वर ओढले, तर ते डोके कड्यातून किंचित सरकते. मूल रडते व हात पालथा, अंगाशी लोंबता धरून ठेवते. सूज मात्र दिसत नाही. डॉक्टर तो एका साध्या हालचालीने बसवितात आणि थोड्याच वेळात मूल खेळू लागते. उचलताना दोन्ही बगलांत हात घालावेत.

मुलाच्या पंजाच्या पाठीवर पट्टी मारण्याची शिक्षा पूर्वी सर्रास दिली जाई. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये शारीरिक शिक्षेस मनाई आहेच. परंतु तेथे उघडणाऱ्या कंडरा व हाडे यांवर केवळ पातळ कातडी असते, हेही ज्यांनी हा पाठ शिकविला त्यांस आता ठाऊक आहे.

पाठ तपासण्यासाठी व्याख्या विचारू नयेत. पुढील प्रश्नांची उत्तरे मुलांनी स्वतःच्या हातावर दाखवून द्यावीत. हात पालथा करताना कोणते हाड जागेवर राहते? घट्ट मूठ वळल्यावर कोपराखाली मागच्या बाजूचे मांस टणक का होते? मधले बोट दुमडले असता कोणते बोट उचलत नाही? हाताला मार लागल्यावर बांगडी आधी का काढावी? बैलास खूर उताणा का करता येत नाही, आणि मांजरास पंजा वळवून तोंड पुसणे कसे साधते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्यापूर्वी मुलांनी घरच्या मांजराकडे दोन दिवस नीट पाहून यावे.